देवदूताचा डावा डोळा

सासूबाईंनी पुण्याहून अंगारा पाठवला. चिमूटभर नव्हे, चांगली भरगच्च पुडी. आमची मैत्रीण नुपूर सुट्टीवरून परत आली तिच्या बॅगेतून तो टोकियोत आला, आणि तिथल्या निशी-कसाईच्या भारतीय दुकानांत डाळ-तांदूळ आणायला गेले तेव्हा मी तो घरी आणला. फोनवर सूचना होतीच, "रोज सकाळी जुईच्या पापण्यांना लाव. आणि हसू नकोस हो." मी हसले नाही. मला संताप आला. मी म्हटलं, "आई, पोरीच्या डोळ्यांचा पडदा झिजतोय. आतून. राखेने काय होणार आहे?" त्या म्हणाल्या, "लावून वाईट तरी काय होणार आहे?" मी फोन ठेवला.

मग पुडी घेऊन कचऱ्याच्या पिशव्यांसमोर उभी राहिले, तर तिथेही पंचाईत. टोकियोजवळच्या आमच्या त्सुकुबात जळणाऱ्या कचऱ्याचा वार वेगळा, न जळणाऱ्याचा वेगळा. आता जळून झालेली राख कशात टाकायची, सांगा! शेवटी सारंगला विचारलं. सारंग माझा नवरा, शास्त्रज्ञ. असल्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे तयार असतात. "न जळणाऱ्यात," तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. मी टाकली.

जुई आमची एकुलती एक. आठ वर्षांची. जन्म इथलाच, त्यामुळे मी मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीत. दुसरीत असताना एकदा वाचता वाचता म्हणाली, "मामा, मान्नाका मिएनाई." म्हणजे आई, मधलं दिसत नाही. मला वाटलं, अभ्यास टाळतेय. चष्म्याचा नंबर काढला, चष्मा आणला, तरी मधलं दिसेना. मग मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याच्या मधोमध पेन्सिलीने काळा ठिपका केला. "हा हळूहळू मोठा होत जाईल," ते म्हणाले, "कडेचं दिसत राहील. उपचार सध्या नाही." 'सध्या' म्हणताना त्यांनी मान खाली घातली. इथे मान खाली घातली की समजायचं, विषय संपला.

हा आजार आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं सदोष जनुक दोन्हीकडून आलं तरच होतो. हे मी सासूबाईंना तीनदा समजावलं, कारण त्यांचं पालुपद एकच, "आमच्याकडे कुणालाच नव्हतं हो असलं काही." जाऊ दे. त्याही रडत असणार तिकडे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं हे खरं, पण आमच्या घरात सगळ्यांचंच जळत होतं आणि कुणालाच कुणाचं कळत नव्हतं.

जुईने आपली आपणच एक युक्ती शोधली. माणसाचा चेहरा बघायचा असला की ती त्याच्या कानाकडे बघते. मग चेहरा कडेला येतो आणि थोडाफार दिसतो. शाळेतल्या बाईंना वाटलं, पोरगी नजर चुकवते. मला आधी कळलं नाही आणि मी ओरडले, "बोलताना माझ्याकडे बघ!" ती म्हणाली, "बघतेच आहे." हे मात्र मराठीत म्हणाली.

आता सारंगच्या कामाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्याच्या संस्थेत जुन्या भिंतींवरच्या चित्रांचं काम चालतं. रंग कुठला, चुना कुठला, भेग किती खोल, हे सगळं क्ष-किरणांनी आणि कॅमेऱ्यांनी तपासायचं. मीही तिथेच बाइटो करते, म्हणजे तासांवरचं काम. फोटो जुळवायचे, भेगांवर खुणा करायच्या. पुण्यात मी सॉफ्टवेअर कंपनीत होते, इथे नवऱ्यामागे आले आणि भेगा मोजायला लागले. असो, पदरी पडलं पवित्र झालं.

दोन वर्षांपूर्वी बाल्कन डोंगरातल्या ग्राडोवेत्स नावाच्या गावात भूकंप झाला आणि तिथल्या आठशे वर्षं जुन्या ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलचा घुमट खाली आला. भूकंपाचं जपान्यांना शिकवायला नको, म्हणून तुकड्यांपैकी काही आमच्या संस्थेकडे आले. बहुतेक खडे, ढेकळं, कुठे बोट, कुठे पंखाचं टोक. पण एक तुकडा ताटाएवढा, अखंड. त्यावर एका देवदूताचा चेहरा. घुमटाच्या गळ्याशी देवदूतांची रांग होती, त्यातला हा एकटा वाचला, तोही गवताच्या भाऱ्यावर पडला म्हणून.

तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कामाला हात लावला नाही, नुसती बघत बसले. सारंग समजावून सांगायचा. चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावायचा. चुना वाळताना रंगाला पोटात घेतो, मग तो पुसला जात नाही. त्यामुळे एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लिंपायचा. चेहऱ्याला आधी सगळीकडे मातकट हिरवा. त्यावर पिवळी माती, गालांवर गेरू, आणि नाकाच्या दांडीवर, कपाळावर पांढऱ्या बारीक रेघा. खालचा हिरवा डोळ्यांभोवती तसाच ठेवायचा, त्याने डोळे खोल होतात. आणि बुबुळं सगळ्यात शेवटी, गिलावा वाळत आलेला असताना. "घाईघाईत केलेत बघ," सारंग पडद्यावर मोठं करून दाखवायचा, "कुंचल्याचा एकच फटकारा. आणि तरी कसा बघतोय!" खरंच बघत होता. रागावून नाही, दया करूनही नाही. घरातलं कुणी बाहेरून आलं की आपण मान वर करून बघतो ना, तसा.

ग्राडोवेत्सच्या मुख्य संवर्धक होत्या वेसेलिंकाबाई. साठी उलटलेली, आवाज सिगारेटींनी घोगरा. त्या दर शुक्रवारी व्हिडिओवर भेटायच्या. कॅथेड्रल कुणी बांधलं, कितीदा जळलं, राज्य बदलल्यावर त्यात धान्याची कोठी कशी झाली आणि भिंतींना फासलेल्या सफेदीनेच चित्रं कशी वाचली, हे सगळं आम्हाला त्यांनीच सांगितलं. कॅथेड्रल होतं संत पेत्काचं. तिकडे पेत्का म्हणजे डोळ्यांची देवीच म्हणा. आवारात झरा आहे, त्या पाण्याने आजही लोक डोळे धुतात.

एका शुक्रवारी त्यांनी खालच्या भिंतींचे फोटो दाखवले. संत, राजे, राण्या, सगळे रांगेत उभे, आणि एकालाही डोळे नाहीत! डोळ्यांच्या जागी पांढरे खळगे. कुसाका-सान आमचे प्रमुख, त्यांनी विचारलं, "सैनिकांनी फोडले?"

"शाळेच्या पुस्तकात तसंच आहे," वेसेलिंकाबाई म्हणाल्या. "शत्रू आले आणि आमच्या संतांचे डोळे फोडून गेले. मीही तेच घोकलं. मग या कामाला लागले, शिडी लावून जवळ गेले. भाल्याने फोडलेलं असं दिसत नाही. हे बारीक बारीक खरवडलेलं आहे. सुईने, चमच्याने, नखाने. आणि बाकावर उभ्या राहिलेल्या बाईचा हात पोचेल तिथपर्यंतच. त्याच्या वर सगळ्यांना डोळे आहेत. होते, म्हणजे. आमच्याच आज्या-पणज्यांनी केलंय ते. घरात कुणाची दृष्टी जायला लागली की यायच्या, संताच्या डोळ्याचा चुना काढायच्या, झऱ्याच्या पाण्यात कालवून डोळ्यांना लावायच्या."

सारंग हसला. "चुना? डोळ्याला? आणि काही रंगांत शिसं, पारा! असलेली नजरसुद्धा गेली असेल."

"गेलीच असेल," त्या म्हणाल्या.

मीसुद्धा हसले. कुसाका-सानही तोंडावर हात धरून हसले. आमच्या घरी काय चाललंय ते ऑफिसात कुणाला सांगितलेलं नव्हतं. इथे घरचं रडगाणं ऑफिसात गायची पद्धत नाही, आणि सारंगला तर दया म्हटली की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

उन्हाळा गेला. जुईच्या डोळ्यांतला ठिपका मोठा झाला. आता कानाकडे बघून भागेना, ती खांद्याकडे बघायला लागली. पाटी वाचता येईना म्हणून एकटीने सायकल चालवणं बंद झालं, आणि त्सुकुबात सायकल नसलेलं पोर म्हणजे पाय बांधल्यासारखंच. सारंग जगभरातल्या प्रयोगशाळांना ईमेल लिहायचा. कुठे चाचणी चालली आहे, कुठे बारा वर्षांच्या पुढचीच मुलं घेतात, कुठे निधी संपला. मी डोळ्यांत तेल घालून पोरीवर लक्ष ठेवायचे आणि तिला ठेच लागली की तिच्यावरच खेकसायचे. मग बाथरूमचा नळ सोडून रडायचे. काय करणार, बाई माणूस आहे, दगड नाही.

नोव्हेंबरात तुकडे परत न्यायला वेसेलिंकाबाई स्वतः आल्या. प्रत्यक्षात त्या बुटक्या निघाल्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. देवदूतासाठी त्यांनी लाकडी पेटी आणली होती, आतून मऊ फोम कापून चेहऱ्याच्या आकाराची जागा केलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी बंद व्हायची होती. त्याआधी रिवाजाप्रमाणे तपासणी. आला तेव्हाचा फोटो आणि जाताना काढलेला फोटो, दोन्ही एकाच बाजूने दिवा लावून घेतलेले. ते एकावर एक ठेवायचे आणि पडद्यावर आलटून पालटून दाखवायचे. जे बदललेलं नसतं ते स्थिर राहतं, जे बदललंय तेवढंच लुकलुकतं. जातानाचा फोटो सारंग काढून ठेवून गेला होता. तपासणीला तोच बसायचा, पण सकाळी म्हणाला, पोट बिघडलंय. म्हणून मी बसले. शेजारी वेसेलिंकाबाई.

मी बटण दाबलं. कपाळ स्थिर. केस स्थिर. भेगा जिथल्या तिथे. आणि देवदूताचा डावा डोळा मिटला. उघडला. मिटला. उघडला.

मला वाटलं, फोटो नीट जुळला नाही. पुन्हा जुळवला. पुन्हा तेच. उजवा डोळा आमच्याकडे शांतपणे बघतोय आणि डावा मिचकावतोय. वेसेलिंकाबाई उठल्या, टेबलावरच्या तुकड्याजवळ गेल्या, हातातला दिवा आडवा धरून वाकल्या.

"इकडे ये," त्या म्हणाल्या.

बुबुळाच्या जागी खळगा होता. मसुराच्या डाळीएवढा, वाटीसारखा गोल. आत चुना पांढराफेक, ताजा.

"नमुना घेतला असेल," मी म्हटलं. "परवानगी होती ना..."

"कडेचा. टाचणीच्या डोक्याएवढा. तो तिथे आहे." त्यांनी बोट दाखवलं. "हे नमुना घेणं नाही. मी तीस वर्षं असले खळगे मोजतेय, मुली. मला हात ओळखता येतो." मग त्या सरळ झाल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुणाच्या घरी डोळे गेलेत?"

"माझ्या मुलीचे."

बोलून गेले आणि मग मला कळलं, मी काय बोलले. सारंग! शिसं-पारा सांगून हसणारा सारंग. मी तिथल्या खुर्चीत बसले.

वेसेलिंकाबाईंनी विचारलं, "किती वर्षांची?"

"आठ."

मला वाटलं, जवळ घेतील. छे! त्यांचा चेहरा लाल झाला. "आठशे वर्षं," त्या म्हणाल्या, "आठशे वर्षं तो वर होता. माझ्या आजीचा भाऊ आंधळा होऊन मेला. ती रोज खाली उभी राहून त्या देवदूतांकडे बघायची, हात पोचत नव्हता म्हणून रडायची. आमच्या अडाणी बायकांपासून वाचला, आगीतून वाचला, भूकंपातून वाचला. मी माझ्या हाताने तो इथे पाठवला. का? तर इथे शिकलेली माणसं आहेत." त्या रडायला लागल्या, आणि डोळे पुसायचेही भान त्यांना राहिलं नाही.

मी नुसती, "माफ करा, माफ करा," म्हणत राहिले, आधी इंग्रजीत, मग जपानीत, मग आपल्या मराठीत.

"हे मी लपवणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "उद्या सकाळी तुमच्या साहेबांना सांगणार. आज घरी जा."

म्हणजे सारंगची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला, इथलं इस्पितळ गेलं, जुईची शाळा गेली. हे सगळं मला समजत होतं. कोट घातला, पर्स घेतली, दारापर्यंत गेले. तेवढ्यात मागून त्यांनी हाक मारली. दिवा अजून हातात तसाच होता.

"गुण आला का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

सायकलवर बसले आणि जी निघाले ती सिग्नललासुद्धा नीट थांबले नाही. त्सुकुबाचे ते सरळसोट रुंद रस्ते, दोन्ही बाजूला पिवळी पडलेली झाडं. कुठे नोकरी, कुठे व्हिसा, मला कशाचीही लाज वाटत नव्हती, भीती वाटत नव्हती. डोक्यात एकच घोकत होते, आला असेल का? गेल्या आठवड्यात तिने दूध न सांडता ओतलं होतं. परवा माझ्या कानातल्यांचा रंग ओळखला होता. आला असेल का? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी तर चुन्याच्या चिमटीला धरून पायडल मारत होते. बाकी सगळं खड्ड्यात जाऊ दे, एवढं एक होऊ दे, असं मी कुणाला म्हणत होते तेही मला माहीत नव्हतं. पेत्काला असेल, पुण्याच्या देवाला असेल. जो ऐकेल त्याला.

घरी पोचले तर जुई आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून गोष्ट ऐकत होती. सारंग स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. पोटबिट काही बिघडलेलं नव्हतं. माझं तोंड बघून त्याला कळलं.

"त्यांनी पाहिलं?" तो म्हणाला.

"पाहिलं. उद्या सांगणार आहेत."

त्याने मान हलवली. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. एवढ्या दिवसांत मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. "दीप्ती, मला माहीत होतं काही होणार नाही," तो म्हणाला. "कॅल्शियम कार्बोनेट आहे ते. मला सगळं माहीत होतं. तरी एक दिवस नमुने घ्यायचं पातं हातात होतं, खोलीत कुणी नव्हतं, आणि तो देवदूत माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, तुला दोन डोळे आहेत. डोळ्यात नाही घातलं मी, शपथ. रविवारी तू बाहेर गेलीस की पाण्यात कालवून नुसतं मिटल्या पापण्यांवर. तिला सांगितलं, क्रीम आहे."

"मग?" मी विचारलं. "फरक?"

"दीप्ती..."

"अरे, फरक पडला का, ते सांग!"

"नाही." त्याचा आवाज फुटला. "रोज तपासत होतो. रेघांचा तक्ता दाखवून, अक्षरं दाखवून. ठिपका वाढलाच आहे. मागच्या महिन्यापेक्षा जास्त वाढलाय."

आतून जुई गोष्टीतल्या कशाला तरी खुदकन हसली. मी हातातली पर्स टेबलावर आपटली.

"किती काढलंस?"

"थोडंच. एकाच डोळ्याचं." तो खालमानेने, ऑफिसात हिशोब समजावतो तसं समजावत होता. "एक गेला तर हाताळताना पोपडा उडाला असं तरी म्हणता येतं. दोन्ही गेले असते तर लगेच कुणालाही..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. त्याच्या सदऱ्याची कॉलर माझ्या दोन्ही मुठींत आली होती.

"जुईला डोळे दोन आहेत रे, मेल्या!" मी ओरडले. "दुसरा कुणासाठी ठेवलास?"